"किती चिवट माणसं!" हे कौतुक आता पुरे करा

घोडकाठ

परवा एका ट्रेकिंग ग्रुपवरची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. लिहिणारे कोथरूडचे. भीमाशंकरच्या बाजूला एका वाडीवर शनिवार-रविवार मुक्काम करून आलेले. थोडक्यात म्हणणं असं: या लोकांकडे काही नाही तरी चेहऱ्यावर हसू आहे. दरड येवो, वादळ येवो, पुन्हा उभे राहतात. आपण पुणेकर तासभर लाईट गेली तरी कासावीस होतो. निसर्गावर जगणाऱ्यांना तक्रार ठाऊकच नसते, तेव्हा शहरी सोयी नेऊन त्यांचं समाधान बिघडवू नका. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली आहे.

तिथेच उत्तर देणार होतो, पण त्या ग्रुपवर 'राजकारण नको' असा नियम आहे. म्हणून इथे लिहितो.

मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला. राहतो भोसरीत, आईवडील गावाला. तक्रार ठाऊक नसते हे साफ खोटं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे हिरड्याची झाडं मुळासकट आडवी झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भात घरात खायला आणि बाळहिरडा (औषधात जाणारं हिरड्याचं कोवळं फळ) रोख पैशाला, असा आमचा हिशेब. उन्हाळ्यात माणूस झाडावर चढून फांद्या हलवतो, खाली बायका-पोरं वेचतात. मग अंगणात, खडकावर, जागा मिळेल तिथे ती हिरवी फळं वाळत घालायची. काळी पडून टणक झाली की पोत्यात. मध्येच वळवाचा पाऊस शिंपडून गेला की बुरशी येते आणि व्यापारी त्याच दिवशी भाव पाडतो. आवणीचं (भातलावणीचं) खत, पोरांच्या वह्या, दवाखाना, लग्नाची उसनवारी, सगळं त्या पोत्यांवर.

आणि झाडं पडल्यावर काय उत्तर मिळालं? भरपाईच्या निकषात हिरडा बसत नाही. आंबा पडला तर तो फळबाग, हिरडा पडला तर तो रानातला. किसान सभेने मोर्चे काढले, लोक उपोषणाला बसले, वर्षं गेली. तक्रार करायची म्हणून साठीची माणसं उन्हात रस्त्यावर बसली होती. ती तुम्हाला दिसली नाहीत, कारण तुम्ही पावसाळ्यात धबधबे बघायला येता.

चिवटपणा आहे, मी नाकारत नाही. पण तो कशावर उभा आहे ते बघा. आमच्याकडे एका घराला एकच धंदा नसतो. थोडं भात, उतारावर नाचणी-वरई, हिरडा, चार शेळ्या, डिंभे धरणाच्या पाण्यात मासे, धरण उतरलं की उघड्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, आणि कमी पडलं की नारायणगावकडे टोमॅटो तोडायला. एक बुडालं की दुसऱ्यावर भागतं. शिवाय पडकई आहे, म्हणजे उतारावर दगडी बांध घालून भाताची खाचरं सगळ्यांनी मिळून घडवायची. आज सगळी वाडी माझ्या खाचरात, उद्या मी सगळ्यांबरोबर तुमच्या. मजुरी नाही, फक्त जेवण. या सगळ्याला जमीन, रान आणि पाणी हातात लागतं. धरणात जुनं आंबेगाव गेलं, कालव्याचं पाणी शिरूर आणि नगरकडे गेलं, १९८५ ला रानाचं अभयारण्य झालं. एकेक आधार काढून घ्यायचा, आणि तरी माणूस उभा आहे म्हणून त्याचं कौतुक करायचं, हे मला सहन होत नाही.

पुढच्या वेळी मुक्कामाला गेलात तर जेवण झाल्यावर यजमानाला विचारा: हिरड्याला काय भाव मिळाला? रानावरच्या गावाच्या वनहक्काचा सामूहिक दावा कुठे अडलाय? रात्री कुणाला चावलं-डसलं तर नेता कुठे?

सह्यभटक

ती पोस्ट माझीच आहे. तुम्ही मला इथे शोधून टॅग केलं नाहीत, पण कुणीतरी लिंक पाठवली.

मी जे बघितलं ते मनापासून लिहिलं. माझ्या ऑफिसात पस्तिशीतली माणसं झोपेच्या गोळ्या घेतात. शेजारच्या फ्लॅटमधला माणूस गेला तर आम्हाला सोसायटीच्या ग्रुपवर कळतं. त्या वाडीत एका घरी म्हातारी आजारी होती तर संध्याकाळी पाच घरांतून कोरड्यास आलं. हे मी डोळ्यांनी बघितलं. माणसाचं सुख फक्त सात-बारा आणि भावावर मोजायचं का? समाधान, नाती, मोकळी हवा यांना काहीच किंमत नाही? आणि आम्ही फुकट जेवलो नाही. मुक्कामाचे, जेवणाचे पैसे दिले, गाईडला वेगळे दिले. तोही रोख पैसाच आहे ना?

राहता राहिला एक प्रश्न. गाव इतकं प्रिय आहे तर तुम्ही भोसरीत का?

घोडकाठ

भोसरीत का, याचं उत्तर वर दिलंय. परत वाचा. आधार निघत गेले तसे आम्ही खाली आलो. हौसेने आलो नाही. माझ्या पिढीतली अर्धी वाडी भोसरी आणि चाकणला आहे. हा प्रश्न पुण्यात बसून विचारणं सोपं आहे, कारण तुमच्या नळाला येणारं पाणी अशाच कुणाच्या तरी गावावरून आलेलं आहे.

पाच घरांतून कोरड्यास आलं हे खरं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण दवाखाना लांब असला की कोरड्यास येतंच, दुसरं काही हातात नसतं.

वाघोलीकर

नळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सगळ्या पुणेकरांच्या नळाला पाणी येतं हा गैरसमज काढून टाका. आमच्या सोसायटीत वर्षाचे आठ महिने टँकर चालतो. बोअर आटलेली. मेंटेनन्समधला मोठा वाटा टँकरवाल्याला जातो, कर महापालिकेला जातो. निसर्गावर अवलंबून आम्हीही आहोत, आमच्या चिवटपणावर कुणी पोस्ट लिहीत नाही. भामा आसखेड धरणाची पाइपलाइन आली तेव्हा वाटलं आता सुटलो, पण अजून रडगाणं चालूच. यावर कुणी बोलणार आहे का?

घोडकाठ

भामा आसखेडच्या धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी किती वर्षं आंदोलन केलं ते आधी वाचा, मग पाइपलाइनचं बोलू. तुमचा त्रास खरा आहे, पण त्याचा वेगळा धागा काढा.

चाकण फेज टू

घोडकाठ भाऊ, मीही तिकडचाच. आपली गावं एकमेकांना दिसत असतील. तरी तुमचं पटत नाही, आणि त्या कोथरूडच्या साहेबांचं तर अजिबातच पटत नाही.

माझे वडील हिरड्याच्या झाडावरून पडले. फांदी ओली होती. कमरेतून गेले ते गेलेच. शेवटची वर्षं ओट्यावर बसून काढली. ना विमा, ना भरपाई. झाड कुणाचं आणि पडला कोण, कुठल्याच कागदावर नाही. आईने शेळ्या विकल्या. मी बारावी सोडून चाकणला आलो. आधी कंत्राटी, आता कायम आहे. पीएफ कापतात, ईएसआयचं कार्ड आहे, बायकोचं बाळंतपण दवाखान्यात झालं. माझ्या लेखी आयुष्य सुधारणं म्हणजे हेच.

आणि आता तुम्ही म्हणता वनहक्क द्या, रान द्या, हिरड्याला भाव द्या. म्हणजे आमच्या पोरांनी पुन्हा झाडावर चढायचं? पुण्यातल्या लोकांना आम्ही बघायला तिथे हवेत आणि तुम्हाला आम्ही लढायला तिथे हवेत. मला माझा मुलगा तिथे नकोय.

घोडकाठ

भाऊ, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. अशी घरं आमच्याही वाडीत आहेत.

पण एक विचारतो, राग मानू नका. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, चाकणच्या कंपन्या बंद पडल्या, तेव्हा तुम्ही कुठे होतात?

चाकण फेज टू

गावाला. तुम्हाला माहीत असूनच विचारलंत.

हो, गेलो. तेव्हा कंत्राटीच होतो, ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. भावाच्या भातावर राहिलो, करवंदं-आंबे खाल्ले, आईबरोबर हिरडा वेचला. जूनमध्ये वादळ आलं आणि घराचा पत्रा गेला, तोही आम्ही दोघा भावांनीच बसवला. गाव नसतं तर उपाशी मेलो असतो, हे मी मान्य करतो. लिहून घ्या. पण त्यामुळे माझं म्हणणं बदलत नाही. संकटात जायला जागा हवी आणि आयुष्यभर तिथेच अडकून पडायला हवं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डोंगरी नर्स

मी घाटाच्या पट्ट्यात काम करते, नेमकं कुठे ते सांगत नाही. 'हसू' वाचून राहवलं नाही.

सह्यभटक दादा, तुम्ही भात कापणीनंतर किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला जाता. भादव्याच्या तोंडावर या. कणगीतला तांदूळ तळाला गेलेला असतो, नवीन भात शेतात हिरवं असतं, हिरड्याचे पैसे आवणीत संपलेले. त्या दिवसांत मी वजनकाटा घेऊन फिरते. गरोदर बायांचं रक्त इतकं कमी असतं की पापणी उलटून बघितली तरी कळतं, तपासणीची वाट बघावी लागत नाही. पहिल्यांदा घरातली बाई जेवण कमी करते, आणि विचारलं तर म्हणते भूक नाही. तेव्हासुद्धा ती हसते. पाहुण्यासमोर कोण रडेल?

कोरोनात आदिवासी घरांना सरकारचं खावटी अनुदान मिळालं, कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याचा किराणा. चांगलं झालं. पण तो महिना दर वर्षी येतो.

आणि आवणीच्या दिवसांत साप. चिखलात पाय, रात्री रेंज नाही, गाडी रस्त्यापर्यंत येते आणि तिथपर्यंत माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून आणतात. तरणीताठी पोरं गावात असली तर झोळी लवकर येते. आता वाडीत उरलेत म्हातारे. चाकणच्या भावांना दोष देत नाहीये, त्यांच्या जागी मी असते तर मीही गेले असते. पण 'एकमेकांना धरून राहतात' हे जे कौतुक चाललंय ना, ते धरणारे हातच कमी होत चाललेत.

दारूबद्दल लिहिलं तर वेगळा धागा होईल.

वनखात्यातला माणूस

तीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. कुणाला कडू लागेल, पण लिहितो.

हक्क, हक्क म्हणता. रान लोकांच्या ताब्यात दिलेलं मी बघितलंय. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, दरसाल फांद्या उतरवतात, झाडाचा नुसता खुंट राहतो. अभयारण्य झालं नसतं तर आज भीमाशंकरला शेकरू नावालाही उरला नसता. सगळे जण खात्याला शिव्या घालतात, वणवा लागला की विझवायला मात्र आमचा गार्डच जातो, एका फांदीचा झोडपा घेऊन.

आणि डोंगराची काळजी लोकांना किती होती ते माळीणने दाखवलं. पडकईच्या नावाखाली उतारावर जेसीबी लावले, डोंगर कापून सपाट केला. ३० जुलै २०१४ ला त्या गावावर दरड कोसळली ते जगाने बघितलं.

घोडकाठ

तोंड सांभाळून लिहा.

१५१ माणसं गेली. सकाळी एसटी नेहमीच्या वेळेला गेली आणि ड्रायव्हरला गावच दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. आणि तुम्ही इथे बसून म्हणता त्यांचं मरण त्यांनीच ओढवून घेतलं?

२२ जुलै २०२१ ला तळीये गाव दरडीखाली गेलं. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी गेली. इर्शाळवाडीला कुठला जेसीबी चालला होता? रस्ताच नव्हता, बचावासाठीसुद्धा मशीन वर नेता आलं नाही, माणसांनी हाताने माती उपसली. मग तिथे कुणाच्या डोक्यावर खापर फोडणार?

वनखात्यातला माणूस

मी मेलेल्यांना दोष दिला नाही. वाकडा अर्थ काढू नका. मशीन लावणाऱ्यांबद्दल बोललो.

मुरूम आणि पाणी

मी स्थापत्यवाला, मृदसंधारणाच्या कामांवर काही वर्षं होतो. दोघेही अर्धं बोलताय.

आपल्या डोंगरांत काळ्या दगडाच्या वर झिजलेला मुरूम आणि मातीचा थर असतो. जाडी जागोजागी वेगळी. मुसळधार पाऊस सलग पडला की पाणी मुरूमात उतरतं, खाली दगडावर अडतं, थर जड होतो आणि पकड सुटते. यासाठी जेसीबी लागत नाही. तळीये, इर्शाळवाडी त्यातलेच. पण तीव्र उतारावर वरच्या अंगाला कापून सपाटी केली, पाण्याला वाट ठेवली नाही, तर ते तिथेच साचून मुरतं आणि धोका वाढतो, हेही तितकंच खरं. माळीणमध्ये पावसाचा वाटा किती आणि सपाटीकरणाचा किती, यावर तेव्हा खूप वाद झाला. एकच कारण सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आता पडकईचं. जुनी पडकई म्हणजे काय हे वनखात्यातल्या साहेबांना माहीत असणार. उतारातले दगड काढायचे, त्यांचीच ताल (दगडी बांध) रचायची, एका वर्षात जमेल तेवढंच. पुढच्या पावसात पाणी कुठून येतं ते बघायचं, तिथे जादा पाणी जायला वाट, म्हणजे सांड, ठेवायची, मग पुढचा तुकडा. एक खाचर नीट व्हायला काही पावसाळे जातात. ते करणारा माणूस त्या बांधाखालीच राहत असतो, त्यामुळे तो घाई करत नाही. यावरूनच सरकारी पडकई योजना निघाली. कल्पना चांगली होती. पण योजनेला हेक्टर मोजायचे असतात आणि मार्चअखेर असतो. जे काम माणसं पावसाकडे बघत करायची ते मशीनने उन्हाळ्यात उरकलं. मी मोजमाप घ्यायला जायचो तेव्हा नकाशावर सांड असायची, बांधावर नसायची.

चाकण फेज टू

आमच्या चुलत्याचं खाचर मशीनने केलं. पहिल्या वर्षी भात बघण्यासारखं आलं, सगळ्या वाडीला हेवा वाटला. पुढे बांध फुटला आणि दगडमाती खालच्याच्या शेतात. दोघं अजून बोलत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या पडकईला जाणारी घरं.

पण मला सांगा, मशीन नको तर करणार कोण? म्हातारे? आम्ही पोरं इकडे. पाच-सहा तरणी माणसं असल्याशिवाय तो दगड हलत नाही. जेसीबी गावात आला तो काही आम्ही माजलो म्हणून आला नाही. हात नव्हते म्हणून आला.

घोडकाठ

हेच तर मी म्हणतोय! हात का नव्हते? कारण रानात-शेतात राहून भागेना.

चाकण फेज टू

आणि मी म्हणतोय भागलं असतं तरी मी गेलो असतो. शिकलेल्या पोराला दगड वाहायला का लावायचं? तुम्ही प्रत्येक गोष्ट हक्कावर नेऊन ठेवता.

वनखात्यातला माणूस

म्हणजे मशीनने नुकसान झालं हे तुम्ही दोघांनी मान्य केलंत. मी तेवढंच म्हणत होतो.

घोडकाठ

तुम्ही लोकांना रान देऊ नका म्हणत होतात. मशीनचं टेंडर ग्रामसभेने काढलं नव्हतं. दोन्हींत फरक आहे.

दुर्वा७२

मी वाचत होते, लिहिणार नव्हते. माझी मावशी माळीणला दिलेली होती.

मशीन की पाऊस हा वाद आमच्या घरात कधीच झाला नाही. आम्ही तेव्हा चार दिवस तिथे उभे होतो. शाळा वाचली होती, तेवढीच इमारत ओळखू येत होती. बाकी कुठे कुणाचं दार होतं ते सांगता येईना.

लोकांना वाटतं नवीन गाव मिळालं, झालं. २ एप्रिल २०१७ ला नवीन माळीणचं लोकार्पण झालं. पक्की घरं, रस्ते, शाळा, सगळं दिलं, नाही म्हणणार नाही. त्याच पावसाळ्यात, जूनमध्ये, भराव खचले, रस्त्याला भेगा पडल्या. माझा मावसभाऊ त्या रात्री बायको-मुलांना घेऊन जागा बसून होता. घर पडलं नाही. पण एकदा डोंगराखालून वाचलेल्या माणसाला भेग दिसली तर त्याचं काय होतं, याचा कुणी विचार केला नाही. अजून जोराचा पाऊस आला की तो पोरांना झोपू देत नाही. पैसे, घर, धान्य याचा पंचनामा झाला, या भीतीचा नाही.

सह्यभटक, तो तुम्हाला भेटला तर हसूनच बोलेल.

सह्यभटक

दुर्वाताई, मी काय उत्तर देणार.

अर्थशास्त्रवाली

विषय माळीणवर गेला ते समजण्यासारखं आहे, पण रानाच्या हक्काचा मुद्दा अर्धाच राहिला. लोकांकडे दिलं की रान संपतं, हे वनखात्यातल्या काकांचं म्हणणं फार जुनं आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बऱ्याच अंशी हे म्हणणं सरसकट खरं नाही हे दाखवल्याबद्दल. गावाने स्वतः नियम केले, स्वतः राखण केली, मोडणाऱ्याला गावातच दंड झाला, आणि वरच्या सरकारने त्यात नाक खुपसलं नाही, तर सामाईक रान आणि पाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

आपल्याकडेच गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. २००९ मध्ये १,८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना खात्याकडून हवा होता, ते भांडण वेगळं. २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं आणि मग गावाने स्वतः बांबू विकला. जंगल संपलं नाही. पश्चिम घाटाबद्दलचा गाडगीळ समितीचा २०११ चा अहवालसुद्धा ग्रामसभांना विचारून ठरवा असंच सांगत होता. तो वाचायच्या आधीच त्याला विरोध झाला.

वनखात्यातला माणूस

मेंढा-लेखा मेंढा-लेखा. प्रत्येक चर्चेत एकच गाव येतं. तिथे सगळे निर्णय सर्वसहमतीने घेणारं, वर्षानुवर्षं अभ्यासाला बसणारं गाव होतं. पुणे जिल्ह्यात, जिथे फार्महाऊसवाले दारात पैसे घेऊन उभे आहेत, तिथे ती सहमती किती दिवस टिकेल? मुळशीत बघा काय झालं.

अर्थशास्त्रवाली

हा मुद्दा बरोबर आहे, याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. फक्त एवढंच की मुळशीत विकल्या गेल्या त्या बहुतेक मालकीच्या जमिनी. सामूहिक हक्काचं रान कायद्याने विकताच येत नाही.

घोडकाठ

आणि आमच्याकडे बरीच हिरड्याची झाडं मालकीच्या जमिनीवरही आहेत, त्यामुळे नुसता वनहक्क मिळून भागणार नाही हेही खरं. हमीभावाने खरेदी हवी. आदिवासी विकास महामंडळ खरेदीला उतरलं की व्यापारी सरळ येतो, नाही उतरलं की तो सांगेल तो भाव. ज्या उन्हाळ्यात खरेदी नसते, त्या उन्हाळ्यात माझे वडील माल घरात धरून ठेवतात, आणि पावसाच्या भीतीने शेवटी कमी भावात देऊन टाकतात.

वनखात्यातले काका, राबाचं तुम्ही म्हणालात ते काही ठिकाणी खरं आहे. पण २००६ चा वनहक्क कायदा हक्काबरोबर राखणीची जबाबदारीही ग्रामसभेला देतो. पूर्वी आमच्या देवराईत वाळलेली काडीही कुणी उचलत नव्हतं. तिथे गार्ड नव्हता.

वनखात्यातला माणूस

देवरायांबद्दल वाद नाही. त्या राखल्या लोकांनी, हे मी नोकरीत असतानाही लिहून दिलं होतं.

चाकण फेज टू

घोडकाठ भाऊ, तुमच्या गावाचा दावा दाखल झालाय का? आमच्याकडे कागद तालुक्याला गेले आणि त्रुटी म्हणून परत आले. कुठली त्रुटी ते कुणी सांगत नाही.

घोडकाठ

पुरावे दोन तरी लागतात. त्यात गावातल्या म्हाताऱ्यांचे लेखी जबाब चालतात, जुन्या नोंदी चालतात, रानातली देवाची ठिकाणं, पाणवठे, गुरांच्या वाटा नकाशावर दाखवलेल्या चालतात. त्रुटी काय ती लेखी मागा, आणि दावा ग्रामसभेकडे फेरविचाराला परत आला असेल तर ठराव करून पुन्हा टाका. तुम्ही दाव्यात का पडताय पण? तुम्हाला तर मुलगा तिथे नकोय.

चाकण फेज टू

मुलगा नकोच आहे. पण आई तिथे आहे, भाऊ आहे, आणि पुन्हा कंपनी बंद पडली तर मी कुठे जाणार? सही करीन. गावाला येऊन राहीन असा अर्थ काढू नका.

सह्यभटक

पोस्ट काढणार नाही. त्यातलं माणुसकीचं जे लिहिलं ते मी आजही पुन्हा लिहीन. पण 'सोयी नेऊ नका' आणि 'तक्रार ठाऊक नसते' ही दोन वाक्यं काढतो. खाली हिरडा आणि भरपाईचं लिहितो. घोडकाठ, तुमचा मजकूर जसाच्या तसा टाकला तर चालेल का?

घोडकाठ

टाका. फक्त 'राजकारण नको' म्हणून कुणी तो काढला तर मला कळवा.

डोंगरी नर्स

दाव्याच्या ग्रामसभेचं चाललंय म्हणून सांगते. हिरडा उरकल्यावर आणि आवणी लागायच्या आधी घ्या, आणि दुपारी घ्या. संध्याकाळी ठेवली की बाया पाण्याला आणि चुलीपाशी असतात, सभेला नुसते पुरुष. हिरडा वेचतात बाया, कुठल्या ओढ्याला मे महिन्यात पाणी असतं ते त्यांनाच माहीत, नकाशा त्यांनी सांगितल्याशिवाय पुरा होणार नाही. जबाब घेताना म्हाताऱ्यांबरोबर म्हाताऱ्यांच्या बायकांचेही घ्या. आणि तारीख ठरली की मला कळवा, मी त्याच दिवशी रक्त तपासणी ठेवते, म्हणजे एका खेपेत दोन्ही होईल.